सिंधीत प्रश्न कसा विचारावा?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही जणांच्या मनात आले असेल, की ह्या गृहस्थांनी आम्हां खेड्यापाड्यांतल्या माणसांना सिंधी शिकवायचे कशाला मनावर घेतले आहे? शंका रास्त आहे. मी काही सिंधीचा पंडित नव्हे. कॉलेजात मराठी शिकवतो, राहतो उल्हासनगरला लागून, आणि शेजाऱ्यांकडून जेवढी सिंधी कानावर पडली तेवढी एका शंभर पानी वहीत उतरवून ठेवली आहे. त्या वहीतले पहिले प्रकरण आज आपल्यापुढे उघडतो. ते प्रश्नांचे आहे. नवी भाषा शिकणाऱ्याला वाक्ये बोलून दाखवायची घाई असते. मला वाटते, आधी विचारायला शिकावे. ज्याला विचारता येते त्याला बाकीची भाषा समोरचा माणूसच शिकवतो.

आणि समोरचा माणूस काही लांबचा नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून जी कुटुंबे निघाली, त्यांतली कितीतरी महाराष्ट्रात आली. कल्याणजवळ युद्धकाळात बांधलेल्या लष्करी छावण्या रिकाम्या होत्या, तिथे त्यांची सोय झाली; त्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. कोल्हापूरजवळचे गांधीनगर, पुण्याजवळची पिंपरी, नागपूरचा जरीपटका, ह्या वस्त्याही अशाच उभ्या राहिल्या. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलेले लोक आज ऐकणाऱ्यांतही असतील. तेव्हा ओळख जुनी आहे, बोलणे तेवढे आपण हिंदीत उरकतो.

त्याहूनही जुनी एक ओळख आहे. १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. नारायण जगन्नाथ वैद्य नावाचे एक मराठी गृहस्थ गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात तिकडे शिक्षणखात्यात होते, आणि कराचीतली एक जुनी शाळा आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे ह्या भाषेची वाट आपल्या माणसांनी पूर्वी तुडवलेली आहे. असो. इतिहास इथेच थांबवतो, नाहीतर वेळ त्यातच जायचा.

आता वहीकडे वळू. मराठीतले प्रश्नार्थक शब्द आठवा. कोण, कुठे, कधी, किती, कसा. सगळे ‘क’ने सुरू होतात. सिंधीतही तसेच आहे. कोण म्हणजे ‘केरु’. कुठे म्हणजे ‘किथे’. कधी म्हणजे ‘कॾहिं’. किती म्हणजे ‘केतिरो’. कसे म्हणजे ‘कीअं’. कोणता म्हणजे ‘कहिड़ो’. ‘केरु’च्या शेवटचा उकार अगदी निसटता आहे, तो ठासून म्हणू नका, पण गिळूनही टाकू नका.

एक वाक्य करून पाहा. ‘तू कोण आहेस?’ ह्याला सिंधीत ‘तूं केरु आहीं?’ ‘हे पुस्तक कोणाचे आहे?’ ह्याला ‘हीउ किताबु कंहिं जो आहे?’ बघा, ‘आहे’ हे आपलेच ‘आहे’. हिंदीवाल्याला ह्या ‘आहे’ची सवय करावी लागते, आपल्याला ते घरातच मिळाले आहे. शब्दांचा क्रमही तोच, प्रश्नाचा शब्द क्रियापदाच्या अलीकडे. आणि आपल्या ‘चा, ची’च्या जागी तिथे ‘जो, जी’. बाजारात भाव विचारताना आपण म्हणतो, ‘हे कितीचे आहे?’ सिंधी म्हणतो, ‘हीउ केतिरे जो आहे?’ शब्दाला शब्द लावून बघा, काही उरत नाही. आपले ‘किती’ मात्र सदा एकसारखे राहते. ‘केतिरो’ तसा नाही, तो आपल्या ‘केवढा, केवढी’सारखा लिंग-वचनाप्रमाणे बदलतो.

‘कुठे’च्या बाबतीत सिंधी आपल्यापेक्षा काटेकोर आहे. वस्तू कुठे आहे असे विचारायचे तर ‘किथे’. माणूस कुठे निघाला असे विचारायचे तर ‘काॾे’. कुठून आला असे विचारायचे तर ‘किथां’. ‘काॾे थो वञीं?’ म्हणजे कुठे चाललास? आपल्याकडे बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारले की घरातली वडीलधारी माणसे डोळे वटारतात, आणि आपण ‘कुणीकडे?’ असे वळण देऊन विचारतो. ते ‘कुणीकडे’ लक्षात ठेवा, म्हणजे ‘काॾे’ विसरायचे नाही.

‘क’च्या ह्या कुटुंबात दोन शब्द मात्र वेगळ्या घरचे वाटतात. काय म्हणजे ‘छा’, आणि का म्हणजे ‘छो’. ‘हीउ छा आहे?’ म्हणजे हे काय आहे? ‘तुंहिंजो नालो छा आहे?’ म्हणजे तुझे नाव काय आहे? आणि रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन विचारायचे तर ‘छो थो रोईं?’ म्हणजे का रडतोस? नुसत्या एका स्वराचा फरक, पण अर्थ पार बदलतो. माझ्या वहीत पहिल्या महिन्यात ‘छा’ आणि ‘छो’ इतक्या वेळा खोडले आहेत, की त्या जागी कागद फाटला आहे.

खरी अडचण पुढेच आहे, आणि ती मराठी माणसाचीच आहे. ज्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढेच उत्तर हवे, तिथे आपण वाक्याच्या शेवटी ‘का’ लावतो. जेवलास का? येतोस का? सिंधीत शेवटी असे काही लावत नाहीत. एकतर वाक्य जसेच्या तसे ठेवून आवाज चढवतात, नाहीतर वाक्याच्या आरंभी ‘छा’ ठेवतात. ‘छा’ आरंभी आला, की आपण समजतो ह्यांनी ‘काय’ विचारले, आणि भलतेच उत्तर देऊन बसतो. हिंदीतला ‘क्या’ असाच दोन्ही कामे करतो, तो आठवला म्हणजे घोटाळा होत नाही. उत्तर ‘हा’ किंवा ‘न’. रोजच्या बोलण्यात बहुतेक वेळा नुसता आवाजच पुरतो. ‘मानी खाधी अथेई?’ म्हणजे जेवलास का? मानी म्हणजे भाकरी, पोळी. ह्या ‘अथेई’त ‘तुझ्याकडून’ हा अर्थ शेपटीसारखा जोडलेला आहे, म्हणून ‘तूं’ वेगळा म्हणावा लागत नाही. उत्तर देणारा म्हणतो, ‘हा, खाधी अथमि.’ शेपूट बदलली, माणूस बदलला. ह्या शेपट्यांचे प्रकरण मोठे आहे, नवख्याने तूर्त एवढ्या दोनच पाठ कराव्यात.

आता एक फजिती सांगतो. शिकायला लागून थोडेच दिवस झाले होते. जिन्यात एक अनोळखी वृद्ध गृहस्थ भेटले. मला माझी विद्या दाखवायची होती. हसून विचारले, ‘तूं केरु आहीं?’ त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले आणि स्वच्छ मराठीत म्हणाले, ‘मास्तर, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे.’ वाक्य व्याकरणाने बरोबर होते हो! पण मोठ्या माणसाला ‘तूं’ नाही, ‘तव्हां’ म्हणायचे असते. ‘तव्हां केरु आहियो?’ ‘तव्हांजो नालो छा आहे?’ ‘तव्हां कीअं आहियो?’ शिक्षकांना माझी विनंती अशी, की मुलांना हे शिकवायचे झाले तर ‘तूं’ मागाहून शिकवा. आधी ‘तव्हां’ तोंडात बसू द्या.

त्याबरोबरच ‘थो’ आणि ‘थी’ येतात. आपण मुलाला ‘काय करतोस’ म्हणतो, मुलीला ‘काय करतेस’, मोठ्यांना ‘काय करता’. आपला फरक क्रियापदाच्या पोटात असतो. सिंधीत तो क्रियापदाच्या आधीच्या एका छोट्या शब्दावर येतो. मुलाला ‘तूं छा थो करीं?’, मुलीला ‘तूं छा थी करीं?’, वडीलधाऱ्या पुरुषाला ‘तव्हां छा था करियो?’ वर्गात नवा सिंधी मुलगा आला तर विचारा, ‘तूं कहिड़े दर्जे में थो पढ़ीं?’ कोणत्या इयत्तेत शिकतोस? इयत्ता तुम्हांला ठाऊकच असते म्हणा, पण त्या पोराचा चेहरा बघा. माझ्या कॉलेजातल्या सिंधी मुलांना पुष्कळदा त्याचे उत्तर सिंधीत देता येत नाही. घरी आजी सिंधीत विचारते, नातवंडे हिंदीत उत्तर देतात. १९६७ साली ही भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, पण अनुसूची काही स्वयंपाकघरात येऊन बोलत नाही.

उच्चाराविषयी थोडे. मघापासून मी ‘कॾहिं’, ‘काॾे’ म्हणतो आहे त्यातला ‘ड’ आपल्या ‘ड’सारखा नाही. ग, ज, ड, ब ह्या चार व्यंजनांची सिंधीत आणखी एकेक जात आहे, आणि देवनागरीत छापताना त्या अक्षरांखाली आडवी रेघ देतात. हा उच्चार करताना श्वास बाहेर न टाकता किंचित आत ओढल्यासारखा होतो. रिकामी घागर पाण्यात बुडवली की ती जो आवाज करते, तो आठवा. ‘गाॾी कॾहिं ईंदी?’ म्हणजे गाडी कधी येईल, हे वाक्य सरावाला उत्तम. स्टेशनावर उभे राहून म्हणावे, वेळही भरपूर मिळतो.

ही रेघ चुकली तर काय होते? ‘ॿारु’ म्हणजे मूल आणि ‘बारु’ म्हणजे ओझे. कापडाच्या दुकानात मी मालकांना मोठ्या आपुलकीने विचारले, ‘तव्हांखे केतिरा ॿार आहिन?’ तुम्हांला किती मुले आहेत? निदान मला तसे विचारायचे होते. माझा ‘ब’ साधा पडला. त्यांनी न हसता दारातल्या गाठोड्यांकडे बोट दाखवले आणि एक, दोन, तीन अशी मोजून दिली.

आता वहीतले शेवटचे पान. आमच्या शेजारी एक वृद्ध बाई राहत. सारी चाळ त्यांना अमां म्हणे. अकरा वर्षांच्या असताना कराचीहून बोटीने मुंबईला आलेल्या. माझी बरीचशी वही त्यांनीच तपासली. एकदा मी त्यांना विचारले, ‘अमां, तव्हांजो ॻोठु कहिड़ो आहे?’ ॻोठु म्हणजे गाव. आपला गोठा आणि त्यांचा ॻोठु, दोन्ही संस्कृतातल्या ‘गोष्ठ’ ह्या एकाच शब्दाची लेकरे. अमां थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, हे मला कुणी ‘आहे’ लावून विचारत नाही, सगळे ‘होते’ म्हणतात. आणि संध्याकाळपर्यंत त्या आपल्या गावाविषयी बोलत राहिल्या. त्यातले निम्मे मला कळले नाही, पण मी उठलो नाही.

२०१९ साली त्या आजारी पडल्या. इस्पितळात नेले. मुलगा परगावी होता, तो यायला रात्र होणार होती. तोवर मी जवळ बसलो. तापात अमांची हिंदी पार नाहीशी झाली होती. आयुष्यभर बाजारात बोललेली भाषा गेली, बोटीतून आणलेली तेवढी राहिली. तिथली परिचारिका सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, मोठी मायेची मुलगी. ती पुनःपुन्हा विचारी, ‘आजी, दुखतंय का? कुठं दुखतंय?’ मग हिंदीत विचारी. अमा नुसत्या छताकडे बघत. डॉक्टरांना दुखणे नक्की कुठे आहे ते कळायला हवे होते.

मी वाकून विचारले, ‘अमां, सूरु किथे आहे?’

सूरु म्हणजे वेदना. आपण पोटशूळ म्हणतो त्यातला शूळ तो हाच. अमांनी मान वळवली, आणि हात हळूहळू उजव्या बरगडीखाली नेऊन ठेवला. परिचारिकेने लगेच डॉक्टरांना हाक मारली.

नंतर तिने मला थांबवून चार प्रश्न कागदावर लिहून घेतले. लिपी आपलीच, त्यामुळे तिला काही जड गेले नाही. ‘सूरु किथे आहे?’ दुखते कुठे? ‘कीअं आहियो?’ कशा आहात? ‘मानी खपे?’ जेवायला हवे? ‘पाणी खपे?’ पाणी हवे? ह्या ‘खपे’ची तिला मोठी मौज वाटली, कारण आपल्याकडे बाजारात माल खपतो. तिथे ‘खपे’ म्हणजे हवे. हवे असते तेच खपते, हे मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, ‘मग ध्यानात राहील, सर.’

तिसऱ्या दिवशी अमांचा ताप उतरला. मी गेलो तेव्हा ती मुलगी पेला घेऊन खाटेशी उभी होती. कागद बघायची गरज आता तिला उरली नव्हती. मोठ्या ऐटीत तिने विचारले, ‘अमां, पाणी खपे का?’

अमांनी पाणी घेतले, दोन घोट प्यायल्या, आणि पेला परत देत म्हणाल्या, ‘“का” छो?’