उतरायला लावणारा कॅमेरा

पाऊस जरा ओसरला की आपल्याकडच्या मोटारसायकली घराबाहेर पडतात. कुणी कासच्या पठाराकडे वळतो, कुणी आंबोलीचा घाट उतरून कोकणात जातो. ज्याच्या पदरी पंधरा-वीस दिवसांची रजा आहे, तो उन्हाळ्यातच लडाखचे बेत आखून मोकळा झालेला असतो. गाडीचं ऑइल बदलून होतं, चेन घट्ट होते, रेनकोट, पंक्चरचं सामान, दोरी असं सगळं गोळा होतं आणि शेवटी एक प्रश्न उरतो. बरोबर कॅमेरा कुठला न्यायचा? मी काही व्यावसायिक छायाचित्रकार नव्हे, कविता लिहिणारा माणूस. पण दुचाकीवरून बरंच हिंडलो आहे आणि खिशात मावेल एवढा कॅमेरा बरोबर बाळगत आलो आहे. तेवढ्याच भांडवलावर आज चार गोष्टी सांगणार आहे.

पहिली शंका तुमच्या मनात आली असेलच. हातात फोन असताना वेगळा कॅमेरा कशाला? शंका रास्त आहे. आजचे फोन उत्तम फोटो काढतात आणि घरच्या समारंभाला त्याहून अधिक काही लागत नाही. पण मोटारसायकलच्या प्रवासात फोनवर आधीच फार ओझं असतं. रस्ता तोच दाखवतो, पेट्रोलचे आणि चहाचे पैसे तोच देतो, मुक्कामाची खोली त्याच्यातच नोंदलेली असते. घाटात काही बरंवाईट झालं तर 112 क्रमांक त्याच्यावरूनच फिरवायचा असतो. फोटो काढून काढून संध्याकाळी त्याची बॅटरी संपली, तर आपण एकाच वेळी नकाशा, पाकीट आणि मदतीचा आवाज घालवून बसतो.

दुसरं कारण आहे गाडीच्या थरथरण्याचं. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेतं तेव्हा सेकंदाला 50 फेरे होतात. ती थरथर हँडलपर्यंत पोचते. फोनच्या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र स्थिर राहावं म्हणून भिंग किंवा सेन्सर सूक्ष्म हालचाल करत असतो. त्यासाठी आत नाजूक यंत्रणा असते. मोठ्या मोटारसायकलींच्या इंजिनाची तीव्र थरथर ही यंत्रणा बिघडवू शकते, असा जाहीर इशारा ॲपल कंपनीनं 2021 साली आपल्या ग्राहकांना दिला होता. असा फोन शक्तिशाली मोटारसायकलच्या हँडलला थेट जोडू नका, आणि लहान इंजिनाच्या किंवा विजेवरच्या स्कूटरवर लावलात तरी थरथर शोषून घेणारी बैठक वापरा, असा तो सल्ला होता. तेव्हा फोन नकाशासाठी आणि घरच्यांसाठी राखून ठेवावा, फोटोसाठी छोटा कॅमेरा वेगळा असावा, हे मला शहाणपणाचं वाटतं.

गाडी आणि कॅमेरा यांची जोडी जुनी आहे. रॉबर्ट एडिसन फुल्टन नावाचा तरुण अमेरिकन 1932 साली लंडनहून डग्लस मोटारसायकलवर जगप्रवासाला निघाला. त्याच्या वाटेत आपला हिंदुस्थानही होता. त्यानं बरोबर चलचित्राचा कॅमेरा घेतला होता आणि प्रवासात मिळून सुमारे 40,000 फूट फिल्म वापरली. त्यावर 1937 साली त्याचं पुस्तक आलं. ते सगळं दुचाकीवर कसं वाहून नेलं असेल या विचारानंच माझी पाठ दुखते. आज पाव किलोहून कमी वजनाच्या डबीत त्याहून कितीतरी अधिक मावतं. अडचण वजनाची उरलेली नाही, निवडीची आहे.

ही निवडही आता पूर्वीइतकी ऐसपैस नाही. 2010 साली जगभरात 10 कोटींहून अधिक छोटे डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. 2023 साली हा आकडा 20 लाखांच्याही आत आला. फोननं तो बाजार खाऊन टाकला. पण जे टिकले ते बरेचसे विशिष्ट कामाचे टिकले, आणि आपलं कामही विशिष्टच आहे.

माझा भाचा कोकणच्या किनाऱ्यानं गोव्यापर्यंत जायला निघाला होता. पगारातून साठवलेले पैसे हातात होते. त्यानं मला विचारलं, "मामू, किती मेगापिक्सेलचा घेऊ?" मी म्हटलं, "बेटा, ते नंतर. आधी सांग, तू थांबणार कुठं कुठं?" तो बुचकळ्यात पडला. "मामू, मी कॅमेऱ्याचं विचारतोय, तुम्ही रस्त्याचं काय विचारताय?" पण कॅमेऱ्याची निवड रस्त्यापासूनच सुरू होते. किनाऱ्यानं जाणाऱ्याला वाळू, खारी हवा आणि अवचित येणारी सर यांच्याशी गाठ असते. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली की वाशिष्ठीच्या खाडीचं पाणी कठड्यावरून अंगावर उडतं. लडाखला जाणाऱ्याला थंडी आणि पिठासारखी धूळ. देवळं, लेणी, जुन्या मशिदी पाहत जाणाऱ्याला अंधारे गाभारे आणि कमानी. तिघांना एकच कॅमेरा सांगता येणार नाही.

ढोबळमानानं तीन जाती डोळ्यांपुढं ठेवाव्यात. पहिली, पाण्याला आणि आपटण्याला न घाबरणारी. ऑलिम्पसची 'टफ' मालिका या जातीतली. तो व्यवसाय आता 'ओएम सिस्टिम' या नावानं चालतो आणि त्यांचा टीजी-7 हा कॅमेरा 2023 साली आला. 15 मीटर खोल पाणी, सुमारे 2 मीटरवरून पडणं आणि उणे 10 अंशांची थंडी तो सोसतो, असं कंपनी सांगते. याचं झूम आतल्या आत हलतं, भिंगाची नळी बाहेर येत नाही. हा गुण जाहिरातीत फारसा दिसत नाही, पण धुळीच्या रस्त्यावर त्याचं मोल मोठं. शिवाय हा अगदी जवळून फोटो काढतो. कासच्या पठारावरची नखाएवढी फुलं टिपायची तर याच्यासारखा सोबती नाही. मात्र पायवाट सोडून फुलांत शिरायचं नाही. उणीव एकच, याचा सेन्सर बोटाच्या नखाहून लहान, म्हणून अंधारात चित्र खरखरीत येतं.

दुसरी जात मोठ्या सेन्सरची, झूम असलेली. सोनीचा आरएक्स100 हा 2012 साली आला आणि खिशातल्या कॅमेऱ्यानं किती चांगलं चित्र काढावं याची कल्पनाच त्यानं बदलली. याच्या सेन्सरला एक इंची म्हणतात. प्रत्यक्षात तो 13.2 बाय 8.8 मिलिमीटरचा असतो. नाव जुन्या टेलिव्हिजन कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलेलं. पण पहिल्या जातीच्या तुलनेत त्याचं क्षेत्रफळ सुमारे चौपट भरतं आणि तेवढा उजेड तो अधिक गोळा करतो. देवळातल्या समईच्या उजेडात हा कामाला येतो. मात्र चालू केला की याची नळी बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. त्या नळीबरोबर धूळही आत जाऊ शकते, आणि एकदा ती सेन्सरवर बसली की घरी साफ करता येत नाही.

तिसरी जात एकाच ठरावीक भिंगाची, झूम नसलेली. रिकोची जीआर मालिका ही तिची प्रसिद्ध घराणी. 2019 सालच्या जीआर थ्रीचं वजन बॅटरीसह 257 ग्रॅम आणि सेन्सर मात्र मोठ्या कॅमेऱ्यांइतका. बॅटरी एका भरणीत सुमारे 200 फोटो देते, म्हणजे दुसरी बरोबर हवीच. पाण्यापासून संरक्षण नाही. झूम नाही म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात. गझल लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. शेराला दोनच ओळी मिळतात. जे सांगायचं ते त्यांत बसवण्यासाठी आपल्यालाच पुढं-मागं सरकावं लागतं. इथंही पायांनीच झूम करायचं असतं.

भाच्याला मी पहिल्या जातीचा कॅमेरा सुचवला. दुकानदार त्याला याहून 'भारी' काही दाखवत होता. मी म्हटलं, तो भारी कॅमेरा फेरीबोटीवर तू पिशवीतून बाहेर काढणार नाहीस. जो काढायची भीती वाटते तो कितीही भारी असला तरी तुझ्या कामाचा नाही.

जात ठरली की दुकानात चार गोष्टी पाहाव्यात. त्यासाठी आपलं हेल्मेट आणि हातमोजे बरोबर न्यावेत. लोक हसतील, हसू द्यावं. हेल्मेट घातलेल्या माणसाला डोळा लावून पाहायची खिडकी जवळ घेता येत नाही, म्हणून मागचा पडदा भर उन्हात दिसतो का, हे दुकानाबाहेर जाऊन बघावं. हातमोजा घालून बटण दाबता येतं का? नुसत्या स्पर्शावर चालणारे पडदे अनेक हातमोज्यांना दाद देत नाहीत. चालू केल्यापासून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो? आणि फोनच्या चार्जरनं तो भरता येतो का? म्हणजे वेगळ्या वायरींचं जंजाळ टळतं. जपानचे कॅमेरा-रचनाकार योशिहिसा मैतानी यांनी 1979 साली ऑलिम्पस एक्सए नावाचा छोटा फिल्म कॅमेरा बनवला. त्याला वेगळी पिशवीच नव्हती. पुढचं झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, परत सरकवलं की भिंग सुरक्षित. ती साधी कसोटी आजही लावून पाहावी.

आता तो ठेवायचा कुठं? पाठीच्या कण्याशी कडक वस्तू कधीही नको. पडलोच तर तीच घात करते. गळ्यात लोंबकळताही नको, पट्टा हँडलमध्ये अडकतो. मागच्या लोखंडी किंवा प्लॅस्टिकच्या पेटीत नुसता टाकला तर दिवसभर आपटत राहतो. पेट्रोलच्या टाकीवर बांधायच्या पिशवीत, खाली जाड स्पंजचा थर किंवा घडी केलेला टॉवेल घालून ठेवावा. हाताशीही राहतो आणि थरथरही कमी पोचते. पावसात वर झिपची प्लॅस्टिक पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. एसीच्या खोलीतून एकदम दमट हवेत आणला तर भिंगावर वाफ धरते, म्हणून त्याच पिशवीत अर्धा तास राहू द्यावा. किनाऱ्यावरून परतल्यावर जलरोधक कॅमेरा गोड्या पाण्यानं धुवावा, इतर कॅमेरे किंचित ओलसर फडक्यानं पुसावेत. जलरोधक कॅमेऱ्याच्या झाकणाला रबराची कड असते. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा केस राहिला तरी पाणी आत शिरतं. आणि पावसाळाभर कॅमेरा चामडी पिशवीत बंद करून कपाटात ठेवू नये, भिंगाला बुरशी लागते.

हे झालं यंत्राचं. पण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मोटारसायकलवाल्यानं असा कॅमेरा घ्यावा, जो त्याला गाडीवरून उतरायला लावेल आणि उतरल्यावर ताटकळत ठेवणार नाही. चालत्या गाडीवर एका हातानं फोटो काढणारे आपण रोज पाहतो. ताशी 60 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढं जाते. पडद्याकडं दोन सेकंद पाहिलं तर 33 मीटर रस्ता आपण न बघताच कापलेला असतो. घाटात 33 मीटरांत एक वळण येऊन जातं, वळणाच्या पलीकडून एसटी येत असते. जगातलं कुठलंही चित्र तेवढ्या किमतीचं नाही.

थांबायचं तेही वळणावर नाही. पुढं रुंद जागा पाहून गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, इंजिन बंद करावं आणि चालत मागं यावं. तोवर ढग सरकला, उजेड गेला, तर गेला. खूप वेळा तसं होतं. पण चालत मागं येताना गाडीच्या आवाजात न ऐकू आलेला ओढा ऐकू येतो, भातखाचरातला माणूस हात करतो, आणि ज्यासाठी थांबलो त्याहून निराळंच काहीतरी दिसतं. कॅमेरा पटकन निघणारा असेल तर ते हाती लागतं. नाहीतर डोळ्यांनी पाहिलेलं आपलंच असतं, ते कुणी काढून घेत नाही.

छोट्या कॅमेऱ्याचा आणखी एक फायदा माणसांच्या बाबतीत आहे. मोठं भिंग समोर आलं की माणूस एकतर ताठ होतो किंवा तोंड फिरवतो. छोटा कॅमेरा छातीपाशी धरला तर आपला चेहरा त्याला दिसत राहतो, बोलणं चालू राहतं. तरी आधी विचारावं, नको म्हटलं तर कॅमेरा खाली करावा. पूर्वी गावोगावी ॲग्फा क्लिक थ्री असायचा. एका रोलमध्ये बारा फोटो निघायचे, त्यामुळं ज्याचा फोटो काढला त्याला एक प्रत द्यायची, ही साधी रीत होती. आता आपण एका चहाच्या टपरीवर बारा फोटो काढतो आणि त्या टपरीवाल्याला एकही देत नाही.

म्हणून कॅमेऱ्याबरोबर एक छोटी वही आणि पेन बाळगायला मी सगळ्यांना सांगतो. फोटो काढला की नाव, गाव, पिनकोड लिहून घ्यावा. घरी आल्यावर चार प्रती छापून टपालानं पाठवाव्यात. पोस्टाच्या तिकिटासकट खर्च फार येत नाही. पुढच्या वेळी त्या वाटेनं गेलात आणि एखाद्या घरात आरशाशेजारी आपण पाठवलेला फोटो लावलेला दिसला, तर तेव्हा कळतं की कॅमेरा नीट निवडला होता.