छायाचित्रामागचे डोळे



लडाखमधील हेमिस राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले. ऐन हिवाळ्यात तेथील रुंबकच्या खोऱ्यात हौशी मंडळी हिमबिबट्याचे छायाचित्र टिपायला जातात, गावकऱ्यांच्याच घरी उतरतात. २०२४ च्या सरकारी अहवालात भारतातील हिमबिबटे अंदाजे ७१८ धरले आहेत. पैकी ४७७ लडाखात. पण करड्या खडकात करडे जनावर दिसणार कोणाला? पहाटेपासून दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या गावच्या वाटाड्याला! तो बोट दाखवतो, तेव्हा पाहुण्याचा कॅमेरा चालतो. याच जनावराने कधी त्याच्या शेळ्यामेंढ्या मारलेल्या असतात. तरी तो त्याला जपतो. कारण जिवंत बिबट्यावर आता त्याची चूल पेटते.

माझे मागणे एवढेच : छायाचित्राखाली वाटाड्याचेही नाव छापा. पाठीवरच्या ओझ्याची मजुरी देता, तशी डोळ्यांचीही द्या.