गर्भवतीची नोंद वेळेवर व्हावी



9 जानेवारी 2021 ची रात्र आपण भंडारेकर विसरू शकत नाही. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि 10 कोवळे जीव गेले. आगीचा प्रश्न वेगळा आहे. परंतु अशा कक्षात बहुधा दिवस भरण्याआधी जन्मलेली, कमी वजनाची बाळे जातात. ती वेळच येऊ नये म्हणून काय करता येईल?

याचा अभ्यास आपल्या शेजारीच झाला आहे. नागपूरची लता मेडिकल रिसर्च फाउंडेशन आणि अमेरिकेतील बोस्टन विद्यापीठ यांनी मिळून पूर्व विदर्भातील खेड्यांत गर्भवतींची नोंद ठेवली. बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत आई व बाळाची खुशाली टिपली. पुढे या केंद्रासह सहा देशांत 11,976 पहिलटकरणींचा अभ्यास झाला; त्याचे निष्कर्ष 2020 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आले. रोज 81 मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेणाऱ्यांत दिवस भरण्याआधीची बाळंतपणे शेकडा 11.6 झाली, तर औषधाविना तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत 13.1. म्हणजे हजारामागे 15 बाळांचा फरक!

पण ही गोळी सुरू झाली होती सहाव्या ते तेराव्या आठवड्यात. आणि आपल्या घरांत काय चालते? तीन महिने कोणाला सांगायचे नाही, नजर लागते! आशाताई दारात आली तरी सासूबाई "काही नाही" म्हणतात. सांगेपर्यंत मुदत निघून गेलेली असते. आम्ही बँकेतले कारकून. राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी करून हिशेब जुळवता येतो. गेलेला आठवडा मात्र परत आणता येत नाही.

पूज्य बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती सवलतींच्या विधेयकाला पाठिंबा दिला. मातेची काळजी ही साऱ्या समाजाची जबाबदारी, हे त्यांनी तेव्हाच मांडले. त्यांचे अनुयायी म्हणविणाऱ्या आपण नजरेची भीती किती दिवस बाळगणार?

गोळी मनाने कोणी घेऊ नये. ते डॉक्टरांनी ठरवावे. संशोधनात सहभागी होण्याचीही सक्ती नसते. प्रश्न विचारावेत, पटले तरच संमती द्यावी. तथागतांनीही पारखूनच स्वीकारायला सांगितले आहे. पण पाळी चुकताच आशाताईंना सांगावे, एवढी शिकवण प्रत्येक विद्यार्थ्याने आज आपल्या घरी न्यावी.

नमो बुद्धाय! जय भीम!