तुमच्या महाधमनीचं माप किती?

बंगळुरूच्या बसवनगुडीत बोलायला उभं राहताना दडपण येतं. डी. व्ही. गुंडप्पांनी १९४५ मध्ये आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाने संस्था काढली ती इथेच. एच. नरसिंहय्यांनी १९६२ मध्ये सायन्स फोरम सुरू केला तो इथल्या नॅशनल कॉलेजात. प्रश्न विचारणाऱ्यांची ही वस्ती. म्हणून आज एकच प्रश्न तुमच्या हाती देणार आहे: डॉक्टर, माझ्या महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, माप किती?

माझ्या हातातली ही पांढरी, चुण्याचुण्यांची नळी बघा. डेक्रॉन नावाच्या कृत्रिम कापडाची आहे. महाधमनीचा फुगलेला भाग कापून तिथे ही बसवतात, केसासारख्या निळ्या दोऱ्याने शिवतात. नळी टिकते. पण तिच्या पुढे-मागे जी उरते ती तुमचीच महाधमनी. ज्या दोषामुळे आधीचा तुकडा फुगला, तो दोष तिच्यातही असू शकतो.

सगळ्यात फसवी गोष्ट दोन पाकळ्यांच्या झडपेची. महाधमनीच्या झडपेला तीन पाकळ्या असायच्या. शंभरात एखाद-दोघांना जन्मतः दोनच असतात. पन्नाशीत झडप बदलतात, धाप थांबते, घरात पेढे वाटतात. पण महाधमनीची भिंत पुष्कळदा झडपेइतकीच कच्ची असते. साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असायची ती चार, साडेचार होत जाते, आणि दुखत मात्र काही नाही. साधारण साडेपाचला ऑपरेशनचा विचार होतो; मार्फानसारखा आनुवंशिक दोष असेल किंवा बांधा लहान असेल, तर त्याआधीच. झडप आणि महाधमनीचं मूळ एकत्र बदलण्याची शस्त्रक्रिया लंडनच्या बेन्टॉल आणि डी बोनो यांनी १९६८ मध्येच मांडली. म्हणजे उपाय जुना आहे. चुकतं ते मोजणं.

बायपास झालेल्यांनीही ऐकावं. ऑपरेशनच्या वेळी हृदयाचं काम करणाऱ्या यंत्राची नळी घालायला आणि शिरा जोडायला महाधमनीला भोकं पाडावी लागतात. क्वचित त्या टाक्यांपाशी, कधी वर्षांनंतरही, भिंत सुटून फुगा धरतो. जंतुसंसर्ग झाला तर लवकर. म्हणून कृत्रिम झडप किंवा नळी असलेल्याने रेंगाळणारा ताप अंगावर काढू नये.

ज्यांची महाधमनी एकदा उभी चिरली, त्यांची चीर बहुधा पोटापर्यंत गेलेली असते. आपण जीव वाचवायला वरचा भाग बदलतो, खालची चीर तशीच राहते. त्यांना रक्तदाबाची गोळी आणि ठरल्या वेळी सीटी जन्मभर. नुसता इको पुरत नाही, त्याला खालची महाधमनी नीट दिसत नाही.

छातीत किंवा दोन खांद्यांच्या मधोमध एकदम फाडल्यासारखी कळ आली, तर गॅस म्हणून ओव्याचं पाणी पीत बसू नका. तडक इस्पितळ गाठा, आणि आधीचं ऑपरेशन दारातच सांगा. आणखी एक: सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या जातीची प्रतिजैविकं मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका. महाधमनी फुगलेल्यांसाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ती टाळण्याचा इशारा दिला आहे.

डिस्चार्ज कार्डावर 'झडप बदलली' एवढंच लिहिलेलं बघितलं की मला राग येतो. महाधमनी किती रुंद होती, ते कोण सांगणार? ऑपरेशनचा पूर्ण कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आज घरी गेल्यावर फाइल काढा, महाधमनीच्या मापाचा आकडा शोधा, तारखेसह पहिल्या पानावर लिहा. आणि झडप दोन पाकळ्यांची निघाली असेल, तर भावंडांचा आणि मुलांचाही एकदा इको करून घ्या.