निवडीच्या यादीबाहेरचा खेळाडू
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नागपूरच्या पावसाची एक दुपार क्रीडाजगतात आता सर्वश्रुत झाली आहे. वर्ष २००१. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा विभागाचे प्राध्यापक विजय बारसे पावसापासून आडोसा घेण्यासाठी एका झाडाखाली उभे होते. समोर झोपडपट्टीतील काही मुले चिखलात खेळत होती. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता. एक फुटकी बादली लाथेने पुढे ढकलत त्यांचा फुटबॉल चालला होता. खेळ मात्र असा रंगला होता की पावसाचे भानही कोणाला नव्हते. जोवर ही मुले खेळत आहेत, तोवर ती व्यसनापासून आणि वाईट संगतीपासून दूर आहेत, हा विचार त्या शिक्षकाच्या मनात आला आणि तेथूनच एका मोठ्या कार्याचा आरंभ झाला.

या प्रसंगातील मुलांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. परंतु झाडाखाली उभ्या असलेल्या माणसाचाही थोडा विचार केला पाहिजे. महाविद्यालयातील क्रीडाशिक्षकाचे काम निवडीचे असते. दर वर्षी प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांतून तो संघ निवडतो, सराव घेतो आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला घेऊन जातो. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या हिस्लॉपसारख्या जुन्या महाविद्यालयाच्या संघात स्थान मिळणे ही विद्यार्थ्याला अभिमानाची गोष्ट वाटते. मात्र निवड कितीही निःपक्षपाती असली, तरी ती दारातून आत आलेल्यांचीच होते. जे दारापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांना कोणी नाकारलेलेही नसते. त्यांचे नाव कोणत्याही यादीत नसते. बारसे सरांना त्या दिवशी दिसली ती ही यादीबाहेरची मुले.

आपल्याकडे महाविद्यालयीन खेळाडू कसा निवडला जातो, हे पाहिले म्हणजे ही यादी कशी तयार होते ते कळते. शाळेच्या संघातून तालुका, तालुक्यातून जिल्हा, पुढे विभाग आणि राज्य, अशी ही शिडी आहे. १९६० पासून खेळली जाणारी सुब्रतो चषक स्पर्धाही शालेय संघांचीच. प्रत्येक पायरीवर प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्राच्या आधारे महाविद्यालयात क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळतो, क्वचित शुल्कात सवलतही मिळते. पुढे विद्यापीठाच्या संघात निवड झाली, तर आंतरविद्यापीठ स्पर्धेचे दार उघडते. महाराष्ट्र शासनाने २००५ मध्ये शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण ठेवले, त्यासाठीही खेळाचे प्रमाणपत्रच लागते. व्यवस्था चांगलीच आहे. तिने अनेक घरांत चूल पेटवली आहे. पण या शिडीची पहिली पायरी शाळेच्या अंगणात आहे. ज्याने सातवीत शाळा सोडली, ज्याच्या शाळेला मैदानच नाही, ज्याच्या घरी जन्माचा दाखला सापडत नाही, त्याच्या पायांत कितीही कसब असो, त्याला पहिल्या पायरीवर पाऊल ठेवता येत नाही. वरची प्रत्येक पायरी खालच्या पायरीचा कागद मागते.

याची तुलना अमेरिकेशी करून पाहण्यासारखी आहे. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा. त्यात चेंडू बहुतांशी हातातच असतो. परंतु महाविद्यालयांनी खेळाडू हेरून आणण्याचे शास्त्र तेथे जितके विकसित झाले, तितके क्वचितच अन्यत्र झाले असेल. प्रशिक्षक गावोगावच्या शाळांचे सामने पाहतात, घरी जाऊन आईवडिलांना भेटतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. वरिष्ठ गटातील एका विद्यापीठाला दीर्घकाळ ८५ खेळाडूंपर्यंत शिष्यवृत्ती देण्याची मुभा होती. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूला पूर्वी अडचणी असत. ऑक्टोबर २०१८ मध्ये अशा खेळाडूंची नोंद ठेवणारी स्वतंत्र व्यवस्था सुरू झाली. त्यामुळे नव्या विद्यापीठाशी बोलणी करण्यासाठी जुन्या विद्यापीठाची परवानगी घेण्याची गरज उरली नाही. पूर्वी स्थलांतर करणाऱ्या खेळाडूला एक वर्ष सामन्यांविना बसावे लागे. एप्रिल २०२१ पासून ती अटही शिथिल झाली.

इतके बारीक चाळण असूनही दाणे निसटतातच. बेकर मेफिल्ड हा तरुण २०१३ मध्ये टेक्सास टेक विद्यापीठाच्या संघात शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या जबाबदारीवर दाखल झाला. अशा खेळाडूला तेथे ‘वॉक-ऑन’ म्हणतात. म्हणजे कोणी बोलावले नसता आपल्या पायांनी चालत आलेला. पुढे तो ओक्लाहोमा विद्यापीठात गेला, तेथेही आरंभी शिष्यवृत्तीविनाच. २०१७ मध्ये त्याच तरुणाला महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानला जाणारा हाइझमन पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचे नाव सर्वांत पहिले पुकारले गेले. तज्ज्ञांच्या पारखीलाही मर्यादा असते, याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तथापि एक भेद लक्षात घ्यावा. मेफिल्डच्या पाठीशी शाळेचा संघ होता, मैदान होते, प्रशिक्षक होते. तो न बोलावता आला, पण येण्यासाठी त्याच्यासमोर दार होते. नागपूरच्या वस्तीतील मुलाने न बोलावता यायचे तर कोठे यायचे? म्हणून बारसे सरांनी उलटा मार्ग धरला. मुले दारापर्यंत येऊ शकत नाहीत, तर दारच मुलांपर्यंत नेले पाहिजे.

त्यांनी आपल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना हाताशी धरले आणि केवळ झोपडपट्टीतील मुलांसाठी फुटबॉल स्पर्धा भरवली. नाव साधे आणि थेट होते : झोपडपट्टी फुटबॉल. पहिल्याच स्पर्धेत १२८ संघ उतरले. हा आकडा पुनःपुन्हा आठवावा असा आहे. ज्या शहरात प्रतिभेचा दुष्काळ आहे अशी ओरड होत असे, त्याच शहराच्या वस्त्यांतून १२८ संघ उभे राहिले. दुष्काळ प्रतिभेचा नव्हता, पाहणाऱ्यांचा होता. वस्तुतः नागपूरला आणि शेजारच्या कामठीला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. खेळाची आवड येथील मातीत होतीच, तिला आमंत्रण तेवढे हवे होते.

स्पर्धा संपल्यावर मुलांनी काय करायचे, हा पुढचा प्रश्न होता. एक दिवसाची स्पर्धा आनंद देते, माणूस घडवत नाही. त्यासाठी रोजचे मैदान लागते, रोजचा शिक्षक लागतो. निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून बारसे सरांनी नागपूरजवळ बोखारा येथे जमीन घेतली. मध्यमवर्गीय शिक्षकाच्या आयुष्यात निवृत्तीची रक्कम म्हणजे काय असते, हे या सभागृहातील ज्येष्ठांना सांगणे नलगे. त्यात घराची दुरुस्ती असते, आजारपणाची तजवीज असते, मुलांचे भविष्य असते. त्यांचे चिरंजीव अभिजीत अमेरिकेतून परतून या कार्यात सहभागी झाले आणि ‘स्लम सॉकर’ या नावाने ते देशभर पोहोचले.

जगाच्या पाठीवर याच सुमारास अशीच एक कल्पना रुजत होती. बेघर व वंचित खेळाडूंसाठीची ‘होमलेस वर्ल्ड कप’ ही स्पर्धा २००३ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स शहरात प्रथम भरली. लहानशा मैदानावर दोन्ही बाजूंचे चार-चार खेळाडू आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव, असे तिचे स्वरूप. तिचा एक नियम मनन करण्याजोगा आहे. कोणत्याही खेळाडूला या स्पर्धेत आयुष्यात एकदाच खेळता येते. उत्तम खेळाडू पुन्हा पुन्हा नेऊन पदके मिळवण्याची सोय तेथे नाही. दर वर्षी नवा संघ, नवी मुले. निवडीपेक्षा घडणीला महत्त्व देणारा याहून स्पष्ट नियम कोणता असू शकेल? २०१० मध्ये ही स्पर्धा रिओ दि जानेरो येथे झाली, तेव्हा भारतीय संघाचे नेतृत्व नागपूरच्या वस्तीतून आलेल्या एका तरुणाने केले. आपली वाट कशी चुकली होती आणि फुटबॉलने ती कशी सावरली, हे त्याने स्वतः २०१४ मध्ये ‘सत्यमेव जयते’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात देशासमोर सांगितले.

पुढे मानसन्मान आले. २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने, म्हणजे फिफाने, आपला विविधता पुरस्कार स्लम सॉकरला दिला. ४ मार्च २०२२ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. बारसे सरांच्या जीवनावर आधारलेली भूमिका अमिताभ बच्चन यांनी केली. मंजुळे यांनीही त्यात नागपूरच्या वस्त्यांतील, कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या न राहिलेल्या मुलांना घेतले. त्यांतील अंकुश गेडाम याला पदार्पणासाठीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मैदानावरील सूत्र पडद्यावरही खरे ठरले.

असे असूनही एक प्रश्न नेहमी विचारला जातो. यांतून भारताच्या मुख्य संघात किती खेळाडू गेले? प्रश्न स्वाभाविक आहे, परंतु त्याने मोजमाप चुकते. सगळीच मुले मोठे खेळाडू होत नाहीत, कोणत्याही मैदानावर होत नाहीत. येथे खेळलेल्यांपैकी काही पुढे प्रशिक्षक झाले आणि आपल्यासारख्याच वस्त्यांत जाऊन मुलांना शिकवू लागले. मुलींसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू झाले. फुटबॉलच्या खेळांतून गणितासारखे विषय शिकवण्याचे प्रयोग झाले. संघात स्थान न मिळालेला मुलगा जेव्हा शिट्टी गळ्यात घालून दहा लहानग्यांसमोर उभा राहतो, तेव्हा त्याचे वाया जाणे टळलेले असते. ही जमाबाजू गुणफलकावर दिसत नाही, पण घराघरांत दिसते.

या विचाराची मुळे आपल्या समाजालाही परकी नाहीत. कुंभोजच्या जैन कुटुंबात १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील स्वतः परीक्षांच्या शिडीवर फार वर चढले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. ज्या मुलांना कोणत्याही शाळेने हेरले नव्हते, त्यांना ते खेड्यापाड्यांतून घेऊन आले. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. हुशार मुलगा निवडून त्याचा सत्कार करणे त्यांना सहज जमले असते. मुलगा हुशार आहे की नाही, हे कळण्याआधीच त्याला जेवू घालण्याचा मार्ग त्यांनी पत्करला. कर्मवीर ही पदवी लोकांनी त्यांना उगाच दिली नाही.

सुवर्ण महोत्सव हा गौरवाचा तसाच हिशेबाचाही प्रसंग असतो. धर्मादाय संस्थांची शिष्यवृत्ती साधारणतः गुणपत्रिका पाहून दिली जाते. नव्वद टक्के मिळवणाऱ्याचा सत्कार होतो, शाल पडते, छायाचित्र निघते. त्याचे कौतुक व्हावेच. परंतु त्याला दहा हात पुढे येतात. पंचावन्न टक्क्यांचा, पण पहाटे पाच वाजता मैदानावर दिसणारा मुलगा कोणाच्या यादीत असतो?

म्हणून तीन गोष्टी विचारार्थ ठेवणे उचित होईल. एक, शिष्यवृत्तीचा काही भाग अशा विद्यार्थ्यांसाठी राखावा, ज्यांच्यापाशी प्रमाणपत्र नाही, पण ज्यांच्याविषयी एखादा शिक्षक वा प्रशिक्षक खात्रीने सांगू शकतो. त्यांना रकमेपेक्षा बूट, पोषक आहार, प्रवासखर्च आणि कागदपत्रे मिळवून देणारा माणूस यांची गरज अधिक असते. दोन, शिष्यवृत्ती महाविद्यालयाशी बांधलेली नसावी, विद्यार्थ्याशी बांधलेली असावी. चांगल्या मैदानासाठी किंवा घरच्या अडचणीमुळे मुलाने महाविद्यालय बदलले, तर मदतही त्याच्यासोबत जावी. महाविद्यालय बदलणे म्हणजे कृतघ्नता नव्हे. तीन, निवड न झालेल्यांची नावेही जपून ठेवावीत आणि पुढच्या वर्षी प्रथम त्यांची विचारपूस करावी. पहिल्या नकारानंतर दारावर पुन्हा टकटक करण्याचे धैर्य फार थोड्या मुलांत असते. ते धैर्य देणाऱ्याने दाखवावे.

पावसात झाडाखाली त्या दिवशी आणखीही माणसे थांबली असतील. त्यांनीही ती मुले पाहिली असतील, ती बादली पाहिली असेल, आणि पाऊस ओसरताच ती आपापल्या घरी गेली असतील. एक शिक्षक तेवढा तिथून परतताना चेंडूचा विचार घेऊन गेला. पन्नास वर्षे ज्या संस्थेने दान दिले, तिने पुढील पन्नास वर्षांत पाहण्याचेही व्रत घ्यावे, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र!