फळझाडांच्या मुळाशी मित्रबुरशी
(पुणे येथे फळबागायतदारांसमोर दिलेले भाषण)



बुरशी म्हटले की आपल्याला द्राक्षावरची भुरी किंवा डाळिंबाची मर आठवते आणि हात लगेच औषधाच्या डब्याकडे जातो. परंतु जमिनीतील प्रत्येक बुरशी शत्रू नसते. झाडाला पोसणाऱ्या आणि राखणाऱ्या बुरशीही असतात. त्यांपैकी दोन आपण ओळखून घेऊ.

पहिली मायकोरायझा. जर्मन शास्त्रज्ञ फ्रँक यांनी १८८५ साली हे नाव दिले. त्याचा अर्थ बुरशी आणि मूळ यांची जोडी. फळझाडांत ही बुरशी मुळाच्या आत राहते आणि तिचे बारीक तंतू बाहेर मातीत दूरवर पसरतात. स्फुरद जमिनीत फारसा हलत नाही. चुनखडीच्या जमिनीत तर तो चुन्याशी बांधला जातो. केशमुळे पोचत नाहीत तेथून हे तंतू स्फुरद व जस्त आणून देतात. मोबदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. पुरंदरच्या मुरमाड माळावरील सीताफळ, अंजिरासारख्या झाडांना पाण्याचा ताण सोसण्यासही त्यांची मदत होते.

प्वेर्तो रिको बेटावर पाइनची रोपे वारंवार खुरटून मरत. १९५० नंतरच्या दशकात पाइनच्या जंगलातील माती मुळाशी दिल्यावर ती जोमाने वाढली. पाइनवरची बुरशी वेगळ्या प्रकारची असली, तरी तत्त्व तेच आहे.

दुसरी ट्रायकोडर्मा. ही कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांवर वाढते आणि रोगकारक बुरशींना विळखा घालून नष्ट करते.

वापर कसा करावा? मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणून ती वरवर न फेकता मुळाला लागेल अशी द्यावी. रोपवाटिकेत पिशवी भरताना किंवा लागवडीच्या वेळी कलमाच्या मुळाखाली थर देणे उत्तम. मोठ्या झाडाच्या आळ्यात, केशमुळे असतील तेथे, माती हलकेच बाजूला करून द्यावी आणि झाकून पाणी द्यावे. प्रमाण पाकिटावर पाहावे, कारण प्रत्येक उत्पादनातील बीजाणूंची संख्या सारखी नसते. मुदतही तपासावी. पाकीट उन्हात ठेवू नये.

ट्रायकोडर्मा १ किलो घेऊन १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळावा. ढीग सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ८ ते १० दिवस ठेवावा, अधूनमधून हलवावा आणि मग वाफशावर आळ्यात द्यावा.

आता काय टाळावे ते ऐका. स्फुरदयुक्त खताचा भडिमार केला की झाडाला मायकोरायझाची गरज उरत नाही आणि ती मुळात कमी होते. म्हणून माती परीक्षणानुसारच खत द्यावे. मित्रबुरशीसोबत बुरशीनाशकाची आळवणी करू नये. आळ्यात पाणी साचू देऊ नये आणि खोल खणणी करू नये, कारण तंतू तुटतात. आंतरपीक म्हणून मूग किंवा चवळी घ्यावी. कोबी व मोहरीवर मायकोरायझा पोसत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मर रोगाने पूर्ण वाळलेले डाळिंब कोणत्याही कल्चरने परत हिरवे होत नाही. त्यावर पैसे घालवू नका. असे झाड मुळासकट काढून जाळावे. त्याचे पाणी किंवा माती शेजारच्या झाडांकडे जाऊ देऊ नये. खर्च करायचा तो शेजारच्या निरोगी झाडांवर आणि नव्या लागवडीवर करावा. तेथेही मित्रबुरशी हा प्रतिबंधाचा एक भाग आहे. निचरा, निरोगी रोपे आणि शिफारशीतील इतर उपाय यांना ती पर्याय नाही.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्र विभागात जिवाणू खते व ट्रायकोडर्मा तयार होतात. तेथे येताना आपल्या बागेतील माती आणि रोगट मुळे घेऊन या. आधी रोग ओळखू, मग उपाय ठरवू.

पहिल्या वर्षी सगळ्या बागेत वापर न करता दोन ओळींना मित्रबुरशी द्या, दोन ओळी तशाच ठेवा. पुढच्या बहाराला नवी फूट, केशमुळे आणि फळे यांची तुलना करा. मग आपल्या जमिनीत खर्च परवडतो की नाही, हे तुमचे तुम्हालाच कळेल.