उतारवयातला खांदा

खांद्याचा सांधा हा माणसाच्या शरीरातला सर्वांत मोकळा सांधा आहे. हात पुढे, मागे, वर, आडवा, गोल असा सगळीकडे फिरतो, तो त्याच्यामुळे. पण या मोकळेपणानेच तो नाजूकही झाला आहे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत घट्ट बसलेला असतो. खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि खवाट्याची खोबण लहान व उथळ. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा प्रकार. गोळा जागेवर ठेवण्याचे काम मग मुख्यतः स्नायूंकडे येते. खवाट्यापासून निघालेले चार लहान स्नायू आपल्या चपट्या कंडरांनी या गोळ्याला वेढतात आणि हात हलताना त्याला खोबणीच्या मध्यावर धरून ठेवतात. या चौघांना मिळून ‘रोटेटर कफ’ म्हणतात. पन्नाशीनंतरची बरीचशी खांदेदुखी या कंडरांतून तरी येते, नाहीतर सांध्याभोवतीच्या आवरणातून.

कंडरा वयाबरोबर झिजतात. सर्वांत वरची कंडरा खांद्याच्या टोकाच्या हाडाखालच्या अरुंद जागेतून जाते, शिवाय तिला रक्तपुरवठाही बेताचाच असतो. वर्षानुवर्षे हात डोक्यावर नेऊन काम करणाऱ्यांत, म्हणजे रंगारी, सुतार, ओझे वाहणारे यांच्यात, ती लवकर विरते आणि कधी फाटते. अशा वेळी हात बाजूने उचलताना मधल्या टप्प्यात कळ येते, फळीवरचा डबा काढवत नाही आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही.

मात्र ‘कंडरा फाटली आहे’ असे एमआरआयच्या अहवालात वाचून हबकून जाण्याचे कारण नाही. 1995 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, खांदा अजिबात दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय काढले गेले. त्यांत साठीपुढच्या निम्म्याहून अधिक जणांच्या कंडरा कमी-अधिक फाटलेल्या आढळल्या, आणि त्यांना त्याची जाणीवही नव्हती. हळूहळू झिजून फाटलेली कंडरा बहुधा आपोआप सांधत नाही, पण भोवतालच्या स्नायूंना बळ आले की वेदना जाते आणि हात कामाला लागतो. म्हणून उपचार खांद्याकडे आणि माणसाच्या गरजेकडे पाहून ठरवावा. नुसत्या चित्रावरून तो ठरत नाही.

दुसरा मोठा आजार म्हणजे खांदा जखडणे, म्हणजेच ‘फ्रोझन शोल्डर’. बॉस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी 1934 मध्ये हे नाव रूढ केले. यात सांध्याभोवतीच्या आवरणाला सूज येते, ते जाड होते आणि आक्रसते. चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, तो अधिक दिसतो. आधी काही महिने दुखणे चढत जाते. रात्री तर ते असह्य होते. नंतर दुखणे ओसरते, पण हात अडकून बसतो. केस विंचरणे, पाठीमागे हुक लावणे, मागच्या खिशातले पाकीट काढणे ही साधी कामे होत नाहीत. शेवटी खांदा सावकाश सुटू लागतो. हे चक्र पुरे व्हायला दीड ते तीन वर्षे लागू शकतात, आणि काहींच्या हालचालीत थोडी उणीव कायमची राहते.

मधुमेहाशी या आजाराचे नाते फार जवळचे आहे. एरवी शंभरात दोन ते पाच जणांना होणारा हा आजार मधुमेहींमध्ये शंभरात दहा ते वीस जणांना होतो, जास्त काळ टिकतो आणि अनेकदा दुसऱ्या खांद्यालाही धरतो. थायरॉइडच्या विकारांतही तो अधिक आढळतो. खांदा जखडल्यावर रक्त तपासले आणि मधुमेह तेव्हाच प्रथम कळला, असेही घडते. मधुमेह घराघरांत पोचलेल्या आपल्या समाजात या नात्याकडे होणारे दुर्लक्ष खरोखर चिंतेचे आहे.

या दोन आजारांतला फरक बराचसा एका साध्या परीक्षेने कळतो. रुग्णाने हात सैल सोडावा आणि दुसऱ्याने तो अलगद वर न्यावा. कंडरा फाटली असेल तर रुग्णाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने नेला तर तो बराच वर जातो. खांदा जखडला असेल तर कोणीही उचलला तरी तो एका जागी अडतो. कोपर कमरेशी टेकवून पंजा बाहेर वळवणे तर जवळपास बंदच होते. अशीच अडचण सांध्याच्या संधिवातातही येते, म्हणून एक्स-रे काढून खात्री करून घ्यावी लागते.

दुखते म्हणून हात गळ्यात बांधून ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. दुसऱ्या टोकाला, तेल लावून हात जोराने ओढणारेही असतात. हाडे ठिसूळ झालेल्या वयात अशा झटक्याने दंडाचे हाड मोडू शकते. योग्य वाट या दोन्हींच्या मधली आहे. दुखणे सोसवेल इतपत, पण रोज, दिवसातून दोन-तीनदा हालचाल करावी. टेबलावर एक हात टेकून पुढे वाकावे आणि दुखरा हात लोंबता सोडून हलके झोके द्यावेत. भिंतीवर बोटे चालवत हात वर न्यावा. आधी गरम पाण्याचा शेक घेतला तर हे सोपे जाते. रात्री उताणे झोपून दंडाखाली उशी घेतल्यास ओढ कमी होते. कंडरेच्या दुखण्यात वेदना उतरल्यावर रबरी पट्टा ताणण्यासारखे बळ वाढवणारे व्यायामही हवेत, आणि ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेले बरे.

वेदनाशामक गोळ्या थोडे दिवस ठीक असतात. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्या वृद्धांनी मात्र त्या मनाने घेऊ नयेत. स्टेरॉइडचे इंजेक्शन, विशेषतः जखडलेल्या खांद्यात सुरुवातीच्या काळात, चांगला आराम देते. पण मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, तेव्हा ती तपासत राहावी. शस्त्रक्रियेची घाई करू नये. जखडलेल्या खांद्यासाठी ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2020 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलेल्या चाचणीत इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन खांदा सोडवणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. वर्षभरानंतर तिन्ही गटांत रुग्णांना जाणवेल असा मोठा फरक उरला नव्हता.

पडून झालेल्या दुखापतीची गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे थांबणे धोक्याचे ठरते. न्हाणीघरात घसरून पडल्यावर दंडाचे हाड खांद्याजवळ मोडणे हे ठिसूळ हाडांच्या स्त्रियांत नेहमीचेच. असे बरेचसे अस्थिभंग झोळीत हात ठेवून बरे होतात, फक्त व्यायाम कधी सुरू करायचा ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. खांदा निखळला तर तो घरी बसवू नये. उतारवयात निखळण्याबरोबर कंडराही फाटते आणि हाड जागेवर बसले की ती बाब विसरली जाते. पडल्यानंतर हात अचानक उचलेनासा झाला, तर काही आठवड्यांच्या आतच अस्थितज्ज्ञाकडे जावे. उशीर झाला की फाटलेला स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते आणि टाके घालणे कठीण होते.

काही वेळा खांद्यात दुखते, पण दोष खांद्यात नसतो. मानेच्या मणक्यातली नस दबली की कळ हातात उतरते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खांद्याकडे जाणवते. हात हलवला न हलवला तरी सारखेच दुखत असेल, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, तर शेक घेत बसू नये; थेट रुग्णालय गाठावे. एरवी दोन-तीन आठवड्यांत दुखणे उतरले नाही, तर डॉक्टरांना खांदा दाखवावा आणि त्याच फेरीत रक्तातली साखरही तपासून घ्यावी.